विमा नसलेल्या रुग्णांसाठी देणगी: गावातल्या दवाखान्याचा निधी कसा जमवावा आणि कुठे खर्चावा

दिवाळीनंतर सोयाबीन-कापसाचे चुकारे हाती आले की विदर्भातल्या गावोगावच्या धर्मादाय दवाखान्यांकडे वर्गणी येते. त्यातून एखाद्याच्या ऑपरेशनला तीस-चाळीस हजार दिले जातात. ते ऑपरेशन सरकारी योजनेत मोफत झालं असतं, पण कोणी विचारलेलं नसतं. मग ऑगस्टमध्ये तापाची साथ येते, बीपीच्या गोळ्या संपतात आणि खात्यात काही उरलेलं नसतं. दरवर्षी हेच होतं, आणि दरवर्षी मंडळ म्हणतं, 'देणगी कमी पडली.' बहुतेक वेळा देणगी पुरेशी असते. क्रम चुकलेला असतो.

हा लेख छोट्या दवाखान्यांसाठी आहे. नोंदणीकृत न्यास (ट्रस्ट), बाह्यरुग्ण तपासणी, एक डॉक्टर, एक परिचारिका, आठवड्यातले दोन-तीन दिवस, एवढ्या पसाऱ्याचे. देणाऱ्यांनीही वाचावा, कारण निम्म्या चुका देणाऱ्यांच्या आग्रहातून होतात.

टप्पा १: 'विमा नाही' म्हणजे नेमकं काय, ते ठरवा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता महाराष्ट्रातल्या सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना लागू आहे. कार्डाचा रंग आडवा येत नाही. आयुष्मान भारतसह कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. ७० वर्षांवरच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत उपचार मोफत आहेत. मग उरलं कोण? तीन प्रकारचे लोक उरतात, आणि तिघांना लागणारी मदत वेगवेगळी असते.

पहिला प्रकार कागदात अडकलेल्यांचा. नव्या सुनेचं नाव शिधापत्रिकेत चढलेलं नाही. आधारवर 'शेवंता' आणि कार्डावर 'शेवंताबाई'. पारधी बेड्यावर किंवा कोलामांच्या पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्त्यांवर, काही घरांत कार्डच नाही. वीटभट्टीवर छत्तीसगडहून आलेलं कुटुंब आपलं आयुष्मान कार्ड गावी ठेवून येतं. ते कार्ड देशभरातल्या अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयांत चालतं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. या लोकांना पैशाआधी कागद लागतो.

दुसरा प्रकार सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित. कार्ड आहे, पण आजार योजनेत बसत नाही. या योजनांचा भर भरती होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. महिन्याच्या साखरेच्या गोळ्या, थायरॉईडची तपासणी, दम्याचा पंप, दर दोन महिन्यांनी करायची रक्तचाचणी, हे सगळं बाहेर राहतं. आरोग्य केंद्रात बीपी-शुगरची औषधं मिळतात, पण पुरवठा तुटला की रुग्ण औषध बंद करतो. सालदाराला शहरातल्या मेडिकलमधून महिनोन्‌महिने गोळ्या विकत घेणं झेपत नाही. वर्षा-दोन वर्षांनी तोच माणूस लकव्यानं भरती होतो. तेव्हा योजना पैसे देते, पण हात गेलेला असतो. देणगीचं खरं काम इथे आहे.

तिसऱ्या प्रकारातल्यांचा उपचार मोफत असतो, पण तिथवर पोचता येत नाही. भामरागड किंवा धारणीच्या आतल्या गावातून जिल्ह्याला जायचं तर गाडीभाडं, सोबतच्या माणसाचं जेवण आणि दोघांची बुडालेली मजुरी.

तपासा: मागच्या तीन महिन्यांचं रुग्णनोंद रजिस्टर काढा. प्रत्येक नावापुढे १, २ किंवा ३ लिहा. हे झाल्याशिवाय देणगीचं आवाहन छापू नका.

टप्पा २: आधी खर्च लिहा, मग मागा

'जमेल तेवढं द्या' असं आवाहन केलं की लोक जमेल तेवढंच देतात. आकडा सांगावा लागतो, आणि तो सांगता येण्यासाठी खर्चपत्रक लागतं.

उदाहरण म्हणून हिशेब करून पाहू. समजा बीपी-शुगरचे ६० नियमित रुग्ण आहेत आणि तुमच्या मागच्या खरेदीच्या बिलांवरून एका रुग्णाचा महिन्याचा खर्च १५० रुपये निघतो. महिन्याला ९,००० झाले, वर्षाला १,०८,०००. यात चाचण्या, गाडीभाडं, परिचारिकेचं मानधन, वीजबिल, जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्याचं शुल्क मिळवा. तुमचे आकडे वेगळे येतील, पण ओळी याच राहतील. देणगीदाराला 'एका रुग्णाच्या वर्षभराच्या गोळ्या, १,८०० रुपये' असं सांगता आलं पाहिजे.

मानधन आणि वीजबिल लपवू नका. 'माझा पैसा फक्त गोळ्यांवर जावा' म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना शांतपणे विचारावं की गोळी द्यायला कोण बसणार? प्रत्येक आवाहनात एक ओळ ठेवा: 'दवाखान्याच्या सर्वसाधारण खर्चासाठी, कोणतीही अट नसलेली देणगी.' वर्षाअखेरीस दवाखाना तरतो तो याच पैशावर.

आता हंगाम. आपल्याकडे पैसा येतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि रुग्ण वाढतात जुलै ते ऑक्टोबर. पावसाळ्यात हगवण, मलेरिया, स्क्रब टायफस, साप. ऑगस्टपासून कपाशीवरच्या फवारणीची विषबाधा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं काय झालं, ते वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. धानाच्या पट्ट्यात, म्हणजे भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत, पैसा थोडा उशिरा येतो आणि तेंदूपत्त्याची मजुरी मे महिन्यात. तुमच्या गावात पैसा कधी खेळतो त्यावरून आवाहनाचा महिना ठरवा.

फेब्रुवारीअखेर खात्यात किमान चार महिन्यांच्या औषधांचा खर्च शिल्लक हवा. वरच्या उदाहरणात ३६,००० रुपये. ही रक्कम मुदत ठेवीत अडकवू नका. बचत खात्यातच, पण वेगळ्या शीर्षाखाली दाखवा.

सावधान: देणगी येताच खोली बांधायला घेऊ नका. इमारतीला नावाची पाटी लागते म्हणून देणारे पटकन मिळतात. पण खोलीमागे रंग, दुरुस्ती आणि वीज आयुष्यभर चालते, आणि त्यासाठी पुन्हा कोणी देत नाही.

टप्पा ३: कागद पूर्ण करा, तेही याच क्रमानं

हा भाग रुक्ष आहे, म्हणून थोडक्यात. पण क्रम चुकला तर पैसे येऊनही अडकतात.

१. धर्मादाय आयुक्त कार्यालयातली नोंद. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास नोंदलेला हवा आणि परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर आजच्या विश्वस्तांची नावं हवीत. कोणी वारलं, कोणी राजीनामा दिला, तर ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो. पुष्कळ न्यासांच्या उताऱ्यावर दहा वर्षांपूर्वी गेलेल्या अध्यक्षांचंच नाव असतं. मग बँक सह्या बदलत नाही आणि कंपनी पैसे देत नाही.

२. पॅन आणि न्यासाच्या नावाचं बँक खातं, दोन सह्यांचं. सचिवाच्या फोनवरचा वैयक्तिक क्यूआर कोड चालणार नाही. एकदा पैसे वैयक्तिक खात्यात गेले की सचिव कितीही सरळ असो, संशय येतोच.

३. आयकराची नोंदणी. लोक अजून १२ए (न्यासाच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या जुन्याच नावांनी ओळखतात. नवा आयकर अधिनियम १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्यानं कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पावतीवर आणि फॉर्मवर काय छापायचं ते आपल्या सीएकडून लिहून घ्या. नोंदणीची मुदत कधी संपते ती तारीख भिंतीवर लावा. ती निघून गेली की देणगीदाराची सवलतही जाते.

४. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीचा, पैसा हवा असेल तर कंपनी कामकाज मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी. ती वरच्या तिन्ही गोष्टींनंतरच करा.

न्यास नोंदलेला नाही आणि गावकऱ्यांना फक्त एका रुग्णासाठी किंवा एका शिबिरासाठी वर्गणी काढायची आहे? गणेश मंडळं जी कलम ४१कची परवानगी धर्मादाय कार्यालयाकडून घेतात, तीच इथेही बघावी लागते. त्याहून सोपं म्हणजे जवळच्या नोंदलेल्या दवाखान्याच्या खात्यात त्या कामाच्या नावानं पैसे जमा करावेत.

टप्पा ४: देणगी घेताना

रोख. ८०जीची सवलत २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, हे पावती फाडण्याआधी सांगा. रोख आली की त्याच दिवशी रोजकीर्दीत (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) आणि दुसऱ्या दिवशी बँकेत. त्या पैशातून परस्पर गोळ्या आणून उरलेले जमा करणं ही फार जुनी सवय आहे. हिशेबाचा पहिला गोंधळ तिथेच होतो.

पावती. अनुक्रमांक छापलेलं पुस्तक, स्थळप्रत आत राहणारी. नाव, पत्ता, पॅन किंवा आधार, रक्कम, पैसे कसे आले, कशासाठी दिले. इतकं भरायला मिनिटभर लागतं. न भरल्यास मे महिन्यात आठवडा जातो, कारण देणग्यांचं विवरणपत्र, जुनं नाव १०बीडी, ३१ मेपर्यंत भरायचं असतं आणि त्याशिवाय देणगीदाराला सवलतीचं प्रमाणपत्र मिळत नाही.

शेतकऱ्याला या सवलतीचं काही नसतं, त्याच्या शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही. पण त्याला पावती हवी असते, आणि नाव बरोबर लिहिलेलं हवं असतं. 'गुप्तदान लिहा' म्हणणाऱ्यांचंही नाव स्थळप्रतीवर घ्या. फलकावर नको असेल तर लावू नका. नाव-पत्ता नसलेल्या देणग्या एका मर्यादेपलीकडे गेल्या की त्यावर ३० टक्के कर लागतो. दानपेटीतला पैसा याच गटात जातो. पेटीला दोन कुलपं, दोन वेगवेगळ्या माणसांकडे किल्ल्या, उघडताना तिघं हजर आणि लगेच पंचनामा.

धान्य आणि माल. कोणी पोतं तूर देईल, कोणी कापूस. घ्या. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं गावांकडून ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन आरोग्य विम्याची योजना चालवलेली आहे, तेव्हा यात कमीपणा काही नाही. मात्र दारातच वजन करा, वस्तूची पावती द्या, माल बाजार समितीत न्यासाच्या नावानं विका आणि अडत्याकडची हिशेबपट्टी फाइलला लावा. वस्तूरूपात दिलेल्या दानाला ८०जीची सवलत नाही, हे मोठ्या देणगीदाराला आधी सांगा.

परदेशातला पैसा. गावचा मुलगा अमेरिकेत आहे आणि पैसे पाठवतो म्हणतो. पहिला प्रश्न: पासपोर्ट कुठला? भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्गे पाठवत असेल, तर ते विदेशी योगदान धरत नाहीत. पासपोर्टची प्रत पावतीला जोडा. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी, ते विदेशी योगदान होतं. त्यासाठी एफसीआरए (विदेशी योगदान कायदा) खालची नोंदणी आणि दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतलं ठरावीक खातं लागतं. नोंदणी नसेल तर एक रुपयाही घेऊ नका, मग तो सख्खा पुतण्या का असेना. 'आधी माझ्या खात्यात टाक, मी भरतो' ही पळवाट नाही, तो गुन्हा आहे.

कंपन्या. चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या कोळसा खाणी, सिमेंट कारखाने, वीजकेंद्रं, नागपूरचे उद्योग यांच्याकडे सीएसआर असतो. त्यांना उद्घाटन करता येईल अशी वस्तू द्यायला आवडते. तुम्ही यंत्राबरोबर तीन वर्षांच्या रसायनांचा, देखभालीचा आणि तंत्रज्ञाच्या पगाराचा खर्च एकाच प्रस्तावात मागा. मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर ते यंत्र घ्यायचं की नाही याचा निदान विचार करता येईल.

यंत्रं. इथे सर्वांत महाग चुका होतात. सोनोग्राफीचं यंत्र कोणी कितीही प्रेमानं दिलं तरी पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदीच्या) कायद्याखाली केंद्राची नोंदणी असल्याशिवाय ते दारात उतरवू नका. नोंदणी नसलेल्या जागेला यंत्र देणंही गुन्हा आहे. एक्स-रेला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. बाकी यंत्रांबद्दल तीन प्रश्न विचारा: दुरुस्ती कोण करणार आणि तो कुठून येणार, आपल्या विजेच्या दाबावर ते चालेल का, आणि रोज वापरणारा माणूस आहे का. कोविडनंतर किती दवाखान्यांत ऑक्सिजनची यंत्रं कापडाखाली झाकून ठेवलेली आहेत, ते आठवा.

तपासा: स्वीकारलेल्या प्रत्येक यंत्रासाठी ठरावाच्या वहीत 'देखभालीचा खर्च कुठून' ही ओळ आहे का?

टप्पा ५: रुग्णासाठी पैसे काढण्याआधी, चार दारं

समोर आई रडते आहे, मूल तापानं फणफणलं आहे, अशा वेळी नियम सांगणं जड जातं. म्हणून नियम आधी लिहून ठेवायचे आणि परिचारिकेच्या टेबलावर चिकटवायचे. तातडीचा रुग्ण असेल तर आधी १०८ आणि प्रथमोपचार, कागद नंतर.

पहिलं दार, सरकारी रुग्णालय. तपासणी, प्रसूती, सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन, क्षयरोगाची औषधं, सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) चाचणी आणि औषध तिथे मोफत आहे. क्षयरुग्णाला पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये थेट खात्यात येतात. खातं जोडलेलं नसेल तर ते जोडून देणं, हीसुद्धा तुमची मदत आहे. सिकलसेलच्या आणि डायलिसिसच्या रुग्णांना एसटीत सवलत आहे. दाखला नसल्यामुळे कितीतरी लोक तिकीट काढून जातात.

दुसरं दार, योजना. १५५३८८ वर फोन करा, जवळचं अंगीकृत रुग्णालय विचारा, तिथल्या आरोग्यमित्राशी, म्हणजे योजनेच्या मदतनीसाशी, बोला. रुग्णासोबत शिधापत्रिका आणि आधार पाठवा. नावात फरक असेल तर रुग्णालयात पोचल्यावर नाही, निघण्याआधीच आरोग्यमित्राला सांगा. योजनेतल्या उपचारासाठी अनामत मागितली तर भरू नका; त्याच क्रमांकावर तक्रार करा. देणगीतून अनामत भरणं म्हणजे योजनेचा पैसा वाचवून आपला घालवणं.

तिसरं दार, धर्मादाय रुग्णालयं. धर्मादाय कायद्याच्या कलम ४१कक खाली येणाऱ्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा होते. नागपुरात अशी रुग्णालयं आहेत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हातात असेल तर पुढचं बोलणं सोपं होतं. म्हणून दीर्घ आजाराच्या प्रत्येक रुग्णाला दाखला आधीच काढून ठेवायला सांगा. मार्च-एप्रिलात तहसीलला गर्दी कमी नसते.

चौथं दार, इतर हक्क. बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी आहे का? कारखान्यात असेल तर ईएसआय (कामगार विमा)? मुख्यमंत्री सहाय्यता निधीला अर्ज बसतो का?

चारही दारं बंद असतील, किंवा उघडी असूनही मध्ये भाड्याचा नाहीतर गोळीचा खड्डा असेल, तरच आपला निधी. हे एका पानाच्या अर्जावर लिहा: कुठे विचारलं, कोणत्या तारखेला, काय उत्तर आलं. हा कागद कंटाळवाणा वाटतो, पण सरपंचाच्या भावकीला 'नाही' म्हणताना हाच उपयोगी पडतो.

मंजुरी कोणाची? १,००० रुपयांपर्यंत डॉक्टरची एकट्याची, ५,००० पर्यंत डॉक्टर आणि एक विश्वस्त, त्यावर बैठकीचा ठराव. किंवा तुमच्या ऐपतीनुसार दुसरे आकडे. एका रुग्णाला वर्षात जास्तीत जास्त किती, हेही आधीच ठरवा. नाहीतर पहिल्या तीन मोठ्या बिलांत निधी संपतो आणि साठ जणांच्या गोळ्या बंद होतात. ऐकायला कठोर वाटेल, पण मोठ्या आजारासाठी दुसरी दारं आहेत. रोजच्या गोळीसाठी आपल्याशिवाय फारसं कोणी नाही.

सावधान: पैसे रुग्णाच्या हातात नकोत. बिल मेडिकलला, प्रयोगशाळेला, गाडीवाल्याला द्या. अपवाद एसटीच्या भाड्याचा आणि जेवणाचा. तिथे व्हाउचरवर सही किंवा अंगठा घ्या.

टप्पा ६: औषधांची खरेदी आणि साठा

डॉक्टरनं औषधाच्या मूळ नावानं यादी द्यावी, कंपनीच्या नावानं नाही. तीन ठिकाणचे भाव घ्या. त्यातलं एक जनऔषधी केंद्र असू द्या. बिल न्यासाच्या नावानं, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत. मेडिकलमध्ये उधारीचं खातं ठेवलंच तर महिनाअखेर मिटवा.

दान म्हणून येणारी औषधं वेगळी ठेवा. कोणाच्या घरी उरलेल्या पट्ट्या घेऊ नका, अगदी बंद असल्या तरी. त्या कुठे, किती उकाड्यात पडून होत्या, कोणाला ठाऊक? जागतिक आरोग्य संघटनेचा औषधदानाचा नियम साधा आहे: रुग्णाला दिलेलं आणि परत आलेलं औषध घ्यायचं नाही, आणि पोचताना मुदत किमान वर्षभराची हवी. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी खोकल्याच्या बाटल्यांचे खोके सोडून जाणाऱ्यांना हा नियम दाखवायला हरकत नाही. मुदत संपलेलं औषध दान म्हणून घेतलं की विल्हेवाटीचा खर्चही तुमच्याकडे येतो. ते उकिरड्यावर टाकता येत नाही, जैववैद्यकीय कचऱ्यात पिवळ्या पिशवीत जातं.

आणि उन्हाळा. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. बहुतेक गोळ्यांच्या पाकिटावर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. इन्सुलिन २ ते ८ अंशांत. म्हणजे एप्रिल-मेसाठी मोठा साठा घ्यायचाच नाही. तो जूनच्या पहिल्या पावसानंतर घ्या. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, छतावर चुना मारा, खोलीत तापमापक टांगा आणि दुपारी तीनचा आकडा रोज वहीत लिहा. फ्रीजला इन्व्हर्टर नसेल तर इन्सुलिन दवाखान्यात ठेवण्याचा हट्ट नको. तालुक्याच्या मेडिकलमध्ये ठेवून दवाखान्याच्या दिवशी थर्मासमध्ये आणा. दान मागायचंच तर अशा दवाखान्यानं यंत्रापेक्षा इन्व्हर्टर आधी मागावा.

तपासा: दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी साठा वही आणि कपाट जुळवा. ज्यांची मुदत आधी संपते ती औषधं पुढे ठेवा. पाच औषधं निवडून पट्ट्या मोजा; वहीशी जुळल्या नाहीत तर सगळंच मोजा.

टप्पा ७: हिशेब दाखवा, रुग्ण दाखवू नका

धनादेश हातात देतानाचा फोटो, मागे बॅनर, मध्ये मान खाली घातलेली बाई. हे थांबवा. पुढच्या वेळी तिची शेजारीण दवाखान्यात यायला लाजते. रुग्णाला क्रमांक द्या आणि अहवालात क्रमांकच वापरा: 'रुग्ण क्र. ४२, वय ५०च्या पुढे, वर्षभर साखरेच्या गोळ्या.' गाव छोटं असेल तर गावाचं नावही नको. वय आणि आजार सांगितला की लोक ओळखतात. व्हॉट्सअ‍ॅप गटावर रिपोर्ट टाकू नका. सिकलसेलचा रिपोर्ट फुटला तर मुलीचं लग्न मोडू शकतं. एचआयव्हीच्या बाबतीत संमतीशिवाय माहिती उघड करायला २०१७च्या कायद्यानं मनाई आहे.

देणगीदाराला मात्र सगळं मोकळं दाखवा. दर तीन महिन्यांनी एक पान, दवाखान्याच्या दारावर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर: किती आले, कशावर गेले, किती उरले, किती रुग्ण सरकारी योजनेकडे पाठवले. हा शेवटचा आकडा ठळक लिहा. त्यातून न खर्चलेला पैसा दिसतो, आणि कुठलाही जाणता देणगीदार त्यालाच दाद देतो.

विशिष्ट कामासाठी आलेली देणगी त्याच कामावर. बदल करायचा तर देणाऱ्याची लेखी संमती आणि बैठकीचा ठराव, दोन्ही. 'मूळनिधीत (कायम राखून ठेवायच्या रकमेत) ठेवा' असं कोणी म्हटलं तर तेही त्याच्या सहीनं लेखी घ्या. नुसत्या बोलण्यावर ती रक्कम मूळनिधी ठरत नाही.

वर्षअखेरीची कामं अशी लागतात. ३१ मार्चला रोख मोजून रोजकीर्द बंद करा आणि साठ्याची यादी सह्यांनिशी करा. एप्रिलमध्ये बँकेचा ताळमेळ आणि पावतीपुस्तकांची तपासणी. रद्द पावत्या फाडून टाकू नका, सगळ्या प्रती पुस्तकातच टाचून ठेवा. मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत देणग्यांची यादी सीएकडे, म्हणजे चुकीचे पॅन दुरुस्त करायला वेळ राहतो. ३१ मे चुकली तर दिवसामागे विलंबशुल्क चढतं. प्रमाणपत्रं देणगीदारांना घरपोच द्या, ईमेलवर सोडून देऊ नका. आणि त्या भेटीतच पुढच्या हंगामाचा आकडा सांगून या: पावसाळ्याच्या औषधांची मागणी जूनच्या पहिल्या आठवड्यात नोंदवायची आहे, खात्यात इतके आहेत, इतके कमी पडतात.